हजरमामांचे रिकामे हात

नाटक कंपनीतल्या माणसांना हजरमामांचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्मे लोक डोकं खाजवत बसले असते. पडद्यामागे कुणी "मामा!" म्हणायचा अवकाश, अंधारातून उत्तर यायचं, "हजर!" आणि बहुतेक वेळा उत्तराच्या आधी वस्तूच यायची. बोलता बोलता नटाने न बघता हात मागे करावा आणि त्या हातात पत्र, पिस्तूल, पाण्याचा पेला, जे हवं ते अलगद येऊन बसावं. प्रेक्षक म्हणायचे, काय सहज वावरतो हा नट! ती सहजता विंगेत अनवाणी उभी असायची, अंगात काळा सदरा घालून.

मामा नाटकाची प्रॉपर्टी सांभाळायचे. जमीनजुमला नव्हे हो. फुलदाणी, चष्मा, खोटे दागिने, खरी छत्री, असली प्रॉपर्टी. विंगेत त्यांचं एक टेबल असे आणि त्यावर खडूने प्रत्येक वस्तूची जागा आखलेली असे. एकदा दौऱ्यावर नाटकातला टेलिफोन ट्रकमध्येच राहिला आणि ट्रक गेला पेट्रोल भरायला. इकडे पडदा वर. मामा तडक थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत शिरले, टेबलावरचा फोन वायरीसकट उपटला आणि चालते झाले. मॅनेजर तेव्हा त्याच फोनवर सासऱ्यांशी बोलत होता. नंतर मामा माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, "अहो, उपकार झाले. मला तो खाली ठेवताच येत नव्हता!"

मामी त्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, मनगटावर दोऱ्याचं रीळ, आणि चालणं म्हणून माहीत नाही. सदा धावत. सेटच्या मागे जी अरुंद बोळकांडी असते ना, दोऱ्या आणि फळ्यांनी भरलेली, तिथून भल्याभल्यांनी आपटी खाल्ली होती. ही मात्र काळोखात हरणासारखी जायची. तिच्या सपातांचा चटचट आवाज मामांच्या कानात असा बसला होता की राणीची चोळी उसवली आहे की राजाचं बटण तुटलं आहे, हेही ते आवाजावरून ओळखायचे. दोन प्रवेशांच्या मधल्या चिमूटभर वेळात ती कुणाच्या तरी पाठीवर टाके घालायची आणि मामा टॉर्च धरायचे. दोघांचं प्रेम त्या टॉर्चच्या उजेडात जमलं. एकमेकांचे चेहरे नीट दिसले ते पुढे बऱ्याच दिवसांनी, चहाच्या टपरीवर. "तेव्हा मागे फिरणं बरं दिसलं नसतं," असं मामी आजही चारचौघांत सांगते.

अशी ही मामी म्हातारपणी स्टुलावर चढली खिडकीचा पडदा लावायला, आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्टीलचा दांडा बसला. दवाखान्यात तिला दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं, मग खोलीच्या दारापर्यंत चालवलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना चालतं ठेवा." मामांनी मान डोलावली. पण त्यांच्या मनात तोवर घराचं नेपथ्य सुरू झालं होतं.

पलंगाशेजारी टेबल आलं. टेबलावर खडूच्या रेघा आल्या. इथे पाणी, इथे गोळ्या, इथे चष्मा, इथे रेडिओ, इथे कंगवा. मामीने नुसता हात करायचा. कधीकधी तोही करायला लागायचा नाही; तिने नाक जरा आक्रसलं की रुमाल पुढे. स्वयंपाकघरातून ताट, मोरीतून पाण्याची बादली, पलंगाशी भांडं, सगळं वेळेच्या आधी. वॉकर भिंतीला टेकून उभा होता. त्यावर पंचा वाळत असे.

"अहो, मी तर हिरॉईन झाले की!" मामी म्हणायची.

"हिरॉईन एवढं खात नाही," मामा म्हणायचे.

दुपारी दोघं जुन्या गोष्टी काढत बसत. दौऱ्यावर ट्रकच्या टपावर ट्रंकांना टेकून घेतलेल्या डुलक्या, रंगपटातला डिंकाचा आणि पावडरीचा वास, मिशी पडली म्हणून उरलेला सगळा प्रवेश तोंडावर हात ठेवून करणारा सेनापती. मामी हसून हसून खोकायची आणि पाणी हातात असायचंच. निवृत्तीनंतर मामांच्या हाताला इतकं काम कधी मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर ते सुखात होते.

व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक मुलगी येऊ लागली, आणि तिला काही हे सुख बघवेना.

"आजी, दिवसात किती वेळा उठता?"

"उठायची वेळच येत नाही गं," मामी कौतुकाने म्हणाली. "हे बघ." तिने हात पुढे केला. मामांनी त्यात चष्मा ठेवला.

मुलगी हसली नाही. तिने टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या, मामीला उभं करून पाहिलं. मामी वॉकर धरून लटलट कापली आणि मटकन बसली. "हा पाय माझा राहिलाच नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पुन्हा पडले तर?"

जाताना मुलीने मामांना जिन्यात गाठलं. "आजोबा, हाड छान जुळतंय. पण पायातली ताकद जातेय. असंच चाललं तर आजी पलंगाच्याच होतील. या वयात गेलेली ताकद परत आणणं फार अवघड असतं."

"पण मी तर तिला काही कमी पडू देत नाही!"

"तेच म्हणतेय. त्यांना उठायला कारणच ठेवलं नाहीत तुम्ही."

"मग मी काय करू?"

"काही करू नका. शेजारी उभे राहा, तोल गेला तर धरता येईल इतक्या जवळ. पण हातात काही देऊ नका."

काही करू नका! उभ्या आयुष्यात मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी गेल्यावर ते तिथेच पायरीवर बसून राहिले. राग आला, मग रडू आलं, ते गिळलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी चपला वाजवत खाली येत होतं. मामांनी सवयीने कान टवकारले, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की घरात कित्येक दिवसांत तो चटचट आवाज झालेला नाही. आणि त्यांना तो आठवलासुद्धा नव्हता. तिचं सगळं धावणं त्यांनी आपल्या पायांवर घेतलं होतं आणि वर त्याचा अभिमान धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पलंगाशेजारचं टेबल हलवलं आणि त्या जागी वॉकर सरकवला. दुपारी मामी जागी झाली आणि तिने डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढे केला.

हात तसाच राहिला.

तिने एक डोळा उघडला. मामा पलंगाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"चष्मा."

"स्वयंपाकघरात आहे."

"मग आणा ना."

"तू चल. मी बरोबर येतो."

"थट्टा पुरे. आणा लवकर."

"नाही आणणार."

मामी उठून बसली. "अहो, तोंडाला रंग फासलेल्या कुठल्या कुठल्या टोणग्यांच्या हातात जन्मभर वस्तू दिल्यात! आणि बायकोला चष्मा द्यायला जीव जातो?"

"जातो," मामा म्हणाले. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की नखं पांढरी पडली होती.

"कंटाळलात माझं करून. सरळ सांगा."

हे लागलं. मामांचं पाऊल अर्धं वळलंही स्वयंपाकघराकडे. पण ते थांबले. "कंटाळलो असतो तर आणून दिला असता. तू निजून राहिलीस तर मी कुणाशी भांडू गं?"

मामी पलंगाच्या कडेला सरकली. मग तिने वॉकरवरचा पंचा ओढून जमिनीवर भिरकावला. "तुमचं हे वाळवण आधी उचला."

ती उठली. ओठ दातांखाली धरलेले. एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं. मामा अर्धं पाऊल मागे, दुखऱ्या बाजूला. मधल्या दारात ती थबकली. "घेरी येतेय मला."

इतकी वर्षं नाटकात काढलेला माणूस. खरी घेरी कुठली आणि खोटी कुठली हे त्याला कळायला नको? नाही कळलं. घाम मात्र मामांनाच फुटला. त्यांनी पायाने खुर्ची तिच्या मागे सरकवली. "बस हवं तर. मग पुढे जाऊ."

मामीने खुर्चीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बसली नाही. ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात पोचली. तिथे मात्र तिच्या तोंडून किंकाळीच आली.

ओट्यावर, फळीवर, जिथे तिथे खडूचे चौकोन आणि गोल. त्यांत तिचे डबे. मिठाचा डबा खिडकीत, चहाचा जमिनीजवळ, साखर तर कुठल्याच चौकोनात बसली नाही म्हणून फ्रिजवर. शेगडीवर दुधाचे जुने डाग.

"हे काय करून ठेवलंय माझ्या स्वयंपाकघराचं! नाटक लावलंय का इथे?"

"मला सोपं पडतं," मामा पुटपुटले.

"तुम्हाला सोपं पडतं! ही माझी जागा आहे." तिने डाव्या हाताने ओटा धरला आणि उजव्या हाताने डबे हलवायला सुरुवात केली. एक इकडे, एक तिकडे, प्रत्येकाला एकेक शिवी. मामा तिच्या पायांकडे बघत होते. पाय कापत होते, पण उभे होते. चष्म्याची आठवण दोघांनाही राहिली नाही.

त्या संध्याकाळी तिचा पाय ठणकला आणि तिने मामांना मनसोक्त बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, कारण मिठाचा डबा अजून चुकीच्या जागी होता. मग मोरीपर्यंत. मग, बऱ्याच कुरकुरीनंतर, बाहेरच्या खोलीपर्यंत. चाल पहिल्यासारखी झाली नाही. एक पाय जरा ओढतच राहिला.

मामांना मात्र हे दिवस जड गेले. विंगेतल्या माणसाने नाटक समोरून कधी पाहिलेलंच नसतं. बसून नुसतं बघायचं कसं, हे त्यांना या वयात शिकावं लागलं. ते खुर्चीत बसायचे, हात मांडीखाली दाबून.

एक दिवस मामी अशीच वॉकर घेऊन बाहेरच्या दारापर्यंत आली. बाहेर जिन्यात मुलं खेळत होती, तो गलबला आत ऐकू येत होता.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "दार उघडा."

मामा अर्धे उठले, आणि परत बसले.

"तूच उघड की."

मामीने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कडीला हात घातला.