कानातली अदलाबदल

मंगळवारी सकाळी घरात मी आणि सून अनघा, दोघंच होतो. कानात इअरबड्स घालून ती कॉम्प्युटरवर ऑफिसची मीटिंग ऐकत होती. तिच्या वडिलांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी त्याच दिवशी सुटायची होती. तेवढ्यात मोबाईलवर तिच्या आईचा फोन आला. तिने इअरबडला बोट टेकवलं आणि कानातलं ऑफिस जाऊन माहेर आलं. जीभ मात्र मागेच राहिली.

"येस सर," ती आईला म्हणाली आणि स्वतःच हसली. "अगं, बोल ना! अप्पांना दिसतंय का?"

यंत्र क्षणात घर बदलतं. माणसाला थोडा वेळ लागतो, आणि तो लागावाच.

तिने एक इअरबड माझ्या कानात घातला. "बाबा, तुम्हीच ऐका."

"व्याहीबुवा," पलीकडून अप्पांचा आवाज आला, "समोरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झालीत."

मी आमच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोबर होतं.