एकतीस अंक आणि एक दोरा

मला फिलिपिनो साप्ताहिकांतलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्यावर मी प्रबंध लिहिला आणि पासही झाले, पण ती भाषा मला येत नाही. विषय निवडला तो एवढ्यासाठीच की ती साप्ताहिकं मी राहत होते त्या घरात होती. जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे, एका खोक्यात. आणि विषय हाताशी असलेला हवा, असं सुपरवायझर बाईंनी सांगितलं होतं. इतका हाताशी असलेला विषय वर्गात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

घर इंग्लंडमधल्या लेस्टरचं, मी इथे शिकायला आले. घरमालकीण फिलिपिनो, आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम वॉर्डात. घरात तिता." तिता म्हणजे मावशी. मला त्या 'अनाक' म्हणायच्या, म्हणजे लेकरू. गुड मॉर्निंगऐवजी "जेवलीस का?" विचारायच्या. आमच्याकडेही तसंच विचारतात, त्यामुळे मला काही नवीन वाटलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील टेम्पो चालवतात, आई साड्यांना फॉल लावते, ब्लाऊज शिवते. त्यामुळे प्रबंध म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. मी सांगितलं तेवढं करत होते, आणि थोडं जास्त करत होते. घोटाळा त्या जास्तीमुळे झाला.

सुपरवायझर बाईंचं म्हणणं असं होतं की इंग्रजीत फिलिपिनो पुस्तकांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण लोक वाचत होते साप्ताहिकं. क्रमशः कादंबऱ्या, चित्रकथा, कपड्यांचे नमुने, सल्ला मागणारी पत्रं. याच गोष्टींवर पुढे रेडिओच्या मालिका झाल्या, सिनेमे झाले. तिताच्या खोक्यातले अंक पूर्ण असतील तर लायब्ररी ते स्कॅन करेल आणि माझ्या प्रबंधाचा पाया पक्का होईल. त्यांनी मला एक फॉर्म दिला. अंक, स्थिती, नुकसान, नुकसानाचं कारण, असे चार रकाने.

खोक्यात एकतीस अंक निघाले. प्रत्येकातलं मधलं एक पान गायब. तळाशी एक जुडगा होता, त्यात ती एकतीस पानं, एकाला एक काळ्या दोऱ्याने शिवलेली. शेवटच्या पानाला हातभर दोरा तसाच लोंबत होता, टोक पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेलं.

इथे आमच्या तालुक्याच्या वाचनालयाबद्दल सांगायला हवं. तिथले ग्रंथपाल दिवाळी अंक परत घेताना आपल्यासमोर पानं मोजायचे. एकदा अनारशांच्या कृतीचं पान गायब निघालं, तर त्या काकूंचं नाव दोन महिने फळ्यावर होतं. अंकातून पान काढणं हा गुन्हा, आणि ते परत लावणं हे पुण्य, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला वाटलं, कोणीतरी पानं फाडली आणि कोणा भल्या माणसाने ती हरवू नयेत म्हणून शिवून ठेवली. आता मी ती जागच्या जागी लावायची.

मी परवानगीही घेतली होती. "तिता, मी ते जरा नीट लावू का?"

"लाव, लाव," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मी धूळ झटकणार आहे. मग त्या चार दिवसांसाठी भाचीकडे गेल्या.

आईच्या हाताखाली मी इतक्या शिलाया उसवल्या आहेत की एकही पान फाटलं नाही. दोन दिवसांत सगळं झालं. तारखा बघून प्रत्येक पान आपापल्या अंकात ठेवलं. दोरा कचऱ्यात टाकला. कौन्सिलची कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. ती कधी चुकत नाही.

शुक्रवारी दुपारी तिता आल्या. मी टेबलावर अंक मांडून ठेवले होते.

"आईचं पुस्तक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"सगळं जागेवर आहे. बघा, प्रत्येक अंक पूर्ण."

त्यांनी एक अंक उघडला. पानाच्या कडेची भोकं बघितली. दुसरा उघडला.

"आणि दोरा?"

"तो जुना झाला होता," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही अंक मिटून ठेवले. मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

"हो."

"काय?"

"ब्रेड."

"ते जेवण नाही." असं म्हणून त्यांनी भात लावला. भात शिजेपर्यंत मला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, कुकरकडे बघून.

त्यांच्या गावात किराणा दुकानाबाहेर दोरीला चिमटे लावून साप्ताहिकं टांगलेली असत. बाकावर बसून वाचायचं, वाचून परत टांगायचं. त्यांची आई चौथी शिकलेली. ती दर आठवड्याला एक अंक विकत घ्यायची आणि घरी आल्यावर आधी कादंबरीचं पान सोडवून घ्यायची. कारण अंक मग गल्लीभर फिरायचा. शिंपीण नमुने उतरवायची, पोरं चित्रकथा वाचायची, एक मावसभाऊ कविता चोरून प्रेमपत्रं लिहायचा. परत यायचा तेव्हा अंक चिरगुटासारखा मऊ झालेला असायचा. गोष्ट तेवढी वाचवायची म्हणून आई ते पान आधीच्या पानाला शिवायची, आणि संध्याकाळी ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. गोष्टीतली मुलगी बेट सोडून शहरात नर्स व्हायला निघालेली.

"मग मार्शल लॉ आला," तिता म्हणाल्या. "छापखान्यांना सील लागलं. त्या आठवड्यात अंक आला नाही. मी नऊ वर्षांची होते. आई म्हणाली, येईल पुढच्या आठवड्यात. म्हणून दोरा कापला नाही."

काही साप्ताहिकं पुढे पुन्हा निघाली. ती गोष्ट मात्र पुन्हा आली नाही.

"ती मुलगी नर्स झाली का?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी झाले."

रविवारी तिताचं गावी जायचं विमान होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीची नजर पूर्ण गेली होती आणि तिने एकच गोष्ट मागितली होती, आईचं पुस्तक. वाचायला नाही. हातात धरायला.

मी सॉरी म्हणाले. इंग्लंडमध्ये हा शब्द दिवसातून इतक्यांदा म्हणावा लागतो की खरा लागतो तेव्हा तो पुरत नाही. शनिवारी सकाळी मी बेलग्रेव्ह रोडवर गेले, साडीच्या दुकानातून काळा दोरा आणला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. तिता समोर बसल्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. "अगं, तुला शिकायला पाठवलं ना? मग उसवत काय बसलीस?"

"आई, ओरडू नको. त्या ऐकतायत."

"ऐकू दे. त्यांना मराठी येतं का?"

"नाही."

"मग? उसवताना हात चालतो, शिवायला आई लागते. दोरा दाखव. हा पॉलिस्टर आहे, कागद कापेल. सुती आण."

मी परत बेलग्रेव्ह रोडला गेले. आई फोनवर थांबली.

"आता जुन्या भोकांतूनच सुई घाल. नवीन भोक पाडायचं नाही. ओढू नको गं, उशी शिवतेस का? त्या बाईंना विचार, त्यांची आई वरून घालायची की खालून."

मी विचारलं. तिताने डोळे मिटले आणि हवेत हात फिरवला. "खालून."

"बघ," आई म्हणाली, "त्यांना कळलं."

एकतीस पानांना दुपार गेली. मध्ये तिता तीनदा भात घेऊन आल्या. शेवटच्या पानाशी आई म्हणाली, "आता गाठ मार आणि काप."

"कापायचा नाही."

"का?"

"गोष्ट संपली नाहीये, आई."

"मग किती सोडायचा?"

मी तिताकडे बघितलं. त्यांनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. फोनमधून आईने मान हलवली.

"बरोबर आहे. ब्लाऊजला मी आत माया सोडते, तसं."

रविवारी तिता गेल्या. सोमवारी मी फॉर्म भरला. एकतीस वेळा लिहिलं, अपूर्ण. नुकसानाच्या कारणात आधी 'पान काढलेले' लिहिलं, मग खोडून 'घरी वाचले' लिहिलं. जुडग्याबद्दल वेगळं एक पान जोडलं आणि तो मी कसा उसवला तेही लिहिलं, कारण लपवलं तरी ते कळलंच असतं. बाईंचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'इंटरेस्टिंग'. ब्रिटनमध्ये याचा अर्थ काय होतो ते मला अजून नक्की सांगता येत नाही. लायब्ररीने अंक स्कॅन केले नाहीत.

बुधवारी तिताचा व्हॉइस मेसेज आला. बहिणीने पुस्तक मांडीवर घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्याच पानाला विचारलं, "हे कोणी शिवलं? आईचे टाके एवढे सरळ कधी नव्हते."

तिताने सगळं सांगितलं. मागून बहिणीचं हसणं ऐकू येत होतं. मग ती शेवटच्या पानापर्यंत गेली, लोंबणारा दोरा तिने बोटाला गुंडाळून मोजला आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय," तिताने मला इंग्रजीत सांगितलं, "दोरा बरोबर आहे. पोरीला विचार, जेवली का."

मी ब्रेड खात होते. मी उठून भात लावला आणि मग उत्तर पाठवलं.