थोरलीने पाहिलेला रस्ता

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टा गावच्या टायरच्या दुकानात रेलीन नोस्के गेली तीसेक वर्षं काउंटरवर बसत होती. उत्तरेकडच्या वाळवंटात जाणारा जो तो तिच्यासमोर उभा राहूनच पुढे जायचा. हिवाळा लागला की गाडीमागे कॅरव्हानचं फिरतं घर ओढत पांढऱ्या केसांची जोडपी यायची आणि टायर बसेपर्यंत आपला सगळा बेत तिला ऐकवायची. आधी मारी गाव, मग बर्ड्सव्हिल, तिथून पुढे मन नेईल तिकडे.

"घाई कुणाला आहे? आता वेळच वेळ!" असं त्यातलं कुणी म्हणालं की रेलीन पावती फाडायला घ्यायची. ती हसून सांगायची, "कच्चा रस्ता लागला की टायरची हवा उतरवा हं. डांबरी रस्त्याची हवा ठेवलीत तर दगड टायर फाडतात." आणि पावती पुढे करायची.

ती स्वतः मारीच्या पुढे कधी गेली नव्हती. तिचे वडील, आल्फ नोस्के, याच रस्त्यावर टपालाचा ट्रक चालवायचे. शाळेला सुट्टी लागली की ते एका पोरीला बरोबर न्यायचे आणि ती पोर म्हणजे नेहमी थोरली, ग्लेनिस. रेलीनला गाडी लागायची. एकदाच नेलं होतं तिला, तर मारी यायच्या आत तिने टपालाच्या एका पोत्यावर ओकून ठेवलं. त्यानंतर ती आईबरोबर फाटकात उभी राहून हात हलवायची. ग्लेनिस खिडकीतून जीभ काढून दाखवायची. परत आली की आठवडाभर तिचं तेच चालायचं, बाबांनी हे दाखवलं आणि बाबांनी ते दाखवलं. रेलीन तिच्याकडे पाठ फिरवून झोपायची.

पुढे वडील गेले. ग्लेनिसने केव्हशी लग्न करून अॅडलेड गाठलं. रेलीनचं लग्न राहूनच गेलं आणि आईजवळ तीच राहिली. आई, म्हणजे व्हेरा, आता नव्वदीला टेकली होती. तिचा विसर वाढत चालला होता. कधी माणसं ओळखायची, कधी नाही. घराबाहेर पडायचं तर नावच काढायची नाही. खाडीकाठी नेते म्हटलं तरी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायची. आणि ग्लेनिस? नवरा निवृत्त झाल्याबरोबर दोघांनी घर भाड्याने दिलं, कॅरव्हान घेतली आणि चार वर्षं झाली, फिरतच होती. कुठून कुठून फोटो पाठवायची. रेलीन ते आईसाठी फ्रिजवर लावायची. घरी येणाऱ्या नर्सला आई बोटाने दाखवायची, "ही आमची ग्लेनिस!" रेलीन तिथेच उभी असायची, आईच्या औषधाचा चमचा धरून.

त्या वर्षी दुकान विकलं गेलं. जुना मालक डॅरिल म्हणाला, "नवा माणूस पंधरवड्याने ताबा घेणार, तोवर कुलूप. मजा कर, रेलीन." भर हिवाळ्यात, रस्ते जाण्यासारखे असताना, तिला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळत होती. तिने त्याच दिवशी ग्लेनिसला फोन लावला.

"मी जाईन म्हणते. बाबांच्या रस्त्याने. तू येऊन आईजवळ राहशील?"

ग्लेनिस म्हणाली, "येते ना. त्यात विचारायचं काय?"

तिचं हे सहज येते म्हणणंसुद्धा रेलीनला टोचलं. हिला काय, हवं तेव्हा निघता येतं!

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला गेला. रेलीनने बारा दिवसांचा बेत आखला. मारी, बर्ड्सव्हिल, तिथून वर बूलिया, मग वाळवंट ओलांडून अॅलिस स्प्रिंग्ज, उलुरूचा लाल खडक आणि डांबरी रस्त्याने घर. ही ठिकाणं निवडायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. फ्रिजवर ती सगळी ओळीने लागलेली होती.

ग्लेनिस आणि केव्ह आले, कॅरव्हान अंगणात उभी राहिली. ग्लेनिसने चहाचा कप घेऊन नकाशावर एक नजर टाकली आणि हसलीच.

"बारा दिवसांत एवढं? अगं, नुसती चाकं फिरवत बसशील. बघणार कधी? माझं ऐक, अॅलिस सोड. बर्ड्सव्हिलला जा, दोन दिवस आरामात रहा, परत ये."

"म्हणजे अर्धंच बघू?"

"निवांत बघ, एवढंच म्हणते."

"निवांत तू बघितलंस, ग्लेन. तुझ्याकडे चार वर्षं आहेत. माझ्याकडे बारा दिवस आहेत, मग मी पळतच बघणार."

"चिडतेस कशाला? मी तुझ्या भल्याचं..."

"लहानपणीही तूच सांगायचीस बाबांनी काय दाखवलं ते. आताही तूच सांग!"

केव्हने घाईघाईने बिस्किटांचा डबा पुढे केला. "घ्या, आलं-गुळाची आहेत," असं काहीतरी पुटपुटला. कुणी घेतलं नाही. खुर्चीत बसलेली आई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रेलीन निघाली. आईच्या कपाळावर ओठ टेकवले तेव्हा आई झोपेतच होती. दिवसभर तिने गाडी दामटली. मारीत पोहोचल्यावर खिमा भरलेली पेस्ट्री खात तिने घरी फोन लावला. आई रडत असेल, आपल्याला शोधत असेल, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर तशी आशाच होती.

फोनवर आधी ऐकू आलं ते हसू. आईचं. इतकं मोकळं हसू तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"अगं, खाडीवर जाऊन आलो!" ग्लेनिस धापा टाकत बोलत होती. "केव्हने चाकाच्या खुर्चीतून नेलं. चिप्स खाल्ल्या, सीगल पक्ष्यांना टाकल्या. आता केव्ह सीगलची नक्कल करतोय."

"खाडीवर? आई आली?"

"आली की. लगेच."

रेलीनने फोन ठेवला. उरलेली पेस्ट्री तिने कागदात गुंडाळून बाजूला सारली. दोन वर्षं ती विनवत होती, तर आईने खुर्ची सोडली नव्हती. आणि ही आली, एका दिवसात आईला खाडीवर घेऊन गेली. रस्ता हिचा, बाबा हिचे, आता आईसुद्धा हिचीच!

सकाळी कच्चा रस्ता सुरू झाला. रेलीन त्याची आयुष्यभर वाट बघत होती, पण डोळ्यांसमोर रस्ता नव्हताच. होती ती हसणारी आई आणि तिच्या खुर्चीमागे उभी असलेली ग्लेनिस. लाल माती, मैलोन् मैल पसरलेले काळसर गोटे, मध्येच उभा एखादा एमू, सगळं मागे सरकत होतं. अॅक्सिलरेटरवरचा तिचा पाय काही हलका होत नव्हता. दुपारी मागचं टायर फाटलं. तिने शिव्या देत स्टेपनी चढवली आणि तशीच पुढे निघाली. रस्त्यात मध्यावर एक हॉटेल होतं. ते नजरेच्या टप्प्यात आलं आणि दुसरं टायर गेलं.

हॉटेल चालवणारी बाई बाहेर आली. फाटलेल्या टायरवर वाकून तिने चिंधड्या बोटाने उचलून पाहिल्या.

"हवा किती ठेवली होतीस?"

रेलीनने आकडा सांगितला. सांगतानाच तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली.

"ही डांबरी रस्त्याची झाली की गं! निघताना टायरवाल्यांनी काही सांगितलं नाही तुला?"

"नाही," रेलीन म्हणाली. आपण कुठे काम करतो हे तिने त्या बाईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

टायर मारीहून येणार, तेही परवाच्या ट्रकने, पाऊस आला तर त्याहून उशिरा. बूलिया, अॅलिस, उलुरू, सगळं तिथेच संपलं. बारमधल्या फोनवरून तिने घरी कळवलं. आता ग्लेनिस "मी म्हणाले होते ना" असं म्हणणार, त्याची तिने मनाची तयारी केली होती.

ग्लेनिस तसं काही बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मजेत आहे." ग्लेनिसचा आवाज विचित्र येत होता. "अगं, ती मला रेलीन म्हणते."

"काय?"

"पहिल्या सकाळपासून. मी उठवायला गेले तर म्हणाली, रेलीन, आज उशीर केलास. मी म्हटलं, असू दे. खाडीवर जायचं का विचारलं तर म्हणाली, रेलीन नेत असेल तर जाऊ. म्हणून आली ती. माझ्यासाठी नाही. तू विचारायचीस तेव्हा तुला कोण समजत होती, देव जाणे."

रेलीनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज मी विचारलं, ग्लेनिस आठवते का? तर म्हणते, ती सारखी जाते ती ना? जाऊ दे तिला." ग्लेनिस आता उघड रडत होती. "सत्तर वर्षं आई म्हणतेय मी तिला. मला उभ्या आयुष्यात कधी तुझा हेवा वाटला नव्हता, रेलीन. उलट दयाच यायची. पण काल रात्री तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि तुझं नाव घेतलं. तिथेच उठून बाहेर गेले मी."

अशा वेळी बहिणीने धीर द्यावा. रेलीनने दिलाही, तोंडाने. "अगं, तिला कळत नाही, मनावर घेऊ नकोस," असं ती म्हणाली. पण आत काय झालं ते तिचं तिला ठाऊक. आनंद झाला. लहान मुलाला होतो तसा, निर्लज्ज, भरभरून. फोन ठेवून ती बारमध्ये आली, एक बिअर मागितली आणि ग्लासाआड तोंड लपवून हसली. हसू ओसरलं तेव्हा ग्लेनिसचे ते हुंदके तिला पुन्हा ऐकू यायला लागले. अर्धी बिअर तशीच राहिली.

टायर येईपर्यंतचे दिवस तिने हॉटेलमागच्या तळ्याकाठी काढले. जमिनीखालून येणारं गरम पाणी तिथे साचलेलं असायचं. पेलिकन उतरायचे, सकाळी पाण्यावर वाफ धरायची. काही करायचं नव्हतं. बाबा इथे थांबत असणार, ग्लेनिस याच काठावर दगड मारत बसली असणार, हे मनात आलं की अजून चुरचुरायचं, पण बसवेनासं होत नव्हतं.

नवं टायर चढलं. तिने चारी चाकांची हवा उतरवली आणि ती बर्ड्सव्हिलला गेली. गावापलीकडच्या मोठ्या लाल टेकडीवर चढून सूर्य बुडताना पाहिला. शेजारच्या एका माणसाने विचारलं, "फोटो काढू का तुमचा?" ती म्हणाली, "नको." एक रात्र राहून, आल्या रस्त्याने ती सावकाश परतली. वाटेत वाटेल तिथे थांबली.

घरी पोहोचली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. रेलीनच्या केसांत, भुवयांत लाल धूळ भरलेली होती. आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंडभर हसली.

"आलीस का, ग्लेनिस! किती दिवसांनी!"

ग्लेनिस स्वयंपाकघराच्या दारात भांडी पुसायचं फडकं घेऊन उभी होती. रेलीन गुडघ्यांवर बसली.

"आई, मी रेलीन."

"चल, थट्टा नको. रेलीन आत चहा करतेय." आईने तिचा धुळकट हात आपल्या हातात घेतला. "कुठे कुठे जाऊन आलीस, सांग बघू. बाबांनी काय काय दाखवलं?"

हा हात, हा लाड, हे कान देऊन ऐकणं, सगळं तिचं नव्हतं, ते ग्लेनिसचं होतं. याच लाडासाठी ती आयुष्यभर जळत आली होती. आज तो मांडीवर येऊन पडला होता आणि तिला स्वतःचं नाव परत हवं होतं.

तिने दाराकडे पाहिलं. ग्लेनिसने मान हलवली, सांग म्हणून.

मग रेलीनने सांगायला सुरुवात केली. पेलिकन सांगितले, तळ्यावरची वाफ सांगितली. मध्येच अडखळली तेव्हा दारातून ग्लेनिस म्हणाली, "आणि तिथल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, ते?"

"हो, येतो," रेलीन म्हणाली. "भयंकर येतो."

आई खूश झाली. तिने दाराकडे बघून हुकूम सोडला, "रेलीन, हिला काहीतरी खायला आण गं, दमून आलीय." आणि ग्लेनिस आत टोस्ट भाजायला गेली.

दुसऱ्या दिवशी आईने रेलीनला बरोबर ओळखलं आणि मला मोजे उलटे घातलेस म्हणून झापलं. ग्लेनिस आणि केव्ह त्या आठवड्यात निघणार होते, ते निघाले नाहीत. कॅरव्हान वसंत येईपर्यंत अंगणात राहिली.