डावीकडे जरा टोचतंय

आमचे हे दात बनवतात. म्हणजे देवाने दिलेले पडले की त्या जागी बसवायचे. दातांचे डॉक्टर मापं घेऊन पाठवतात आणि मागच्या खोलीत बसून हे कवळ्या तयार करतात. तिथे फळीवर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले असतात, पांढऱ्या प्लास्टरचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटायची. आता केर काढताना मी त्या जबड्यांशी गप्पा मारते, कारण ह्यांच्यापेक्षा ते बरे.

माणूस अबोल, पण देवाचा विषय काढला की बोलायचे. सकाळी काम सुरू करायच्या आधी खिडकीपाशी उभं राहून हात जोडणार म्हणजे जोडणार, अंगात ताप असला तरी. आणि मेल्यावर काय, असं कुणी विचारलं की सांगणार, "काही नाही. संपलं." मी म्हणायचे, "अहो, देव मानता ना? मग त्याच्याकडे जायचं नाही का?" तर म्हणायचे, "पाहुणा जेवला की हात धुऊन उठतो. यजमानाकडे राहायला घर मागत नाही." धड ना इकडचे, धड ना तिकडचे. देव न मानणाऱ्यांना हे भोळे वाटायचे आणि मानणाऱ्यांना पाखंडी. स्वतः मात्र मजेत होते. उशीला डोकं टेकलं की घोरायला लागायचे.

सासूबाई आमच्याकडेच राहायच्या. त्यांची कवळी अर्थातच ह्यांनी केलेली. "माझ्या लेकाच्या हातची आहे," म्हणून आल्यागेल्याला तोंडातून काढून दाखवायच्या, समोरचा काही खात असला तरी. पुढे त्या वाळत गेल्या, हिरड्या आक्रसल्या आणि कवळी हलून रुतायला लागली. "डावीकडे जरा टोचतंय रे," त्या ह्यांना म्हणाल्या. हे म्हणाले, "बघतो."

काम केवढं, ते ऐका. हिरडीवर जिथे लाल झालंय तिथे जांभळ्या पेन्सिलीने ठिपका द्यायचा, ओली झाली की रंग सोडते ती. मग कवळी बसवायची, ठिपका तिच्यावर उमटतो. तेवढीच जागा कानशीने घासायची की झालं. चहा उकळेपर्यंत होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. परक्यांच्या कवळ्या वेळेवर जायला हव्यात, घरचं माणूस कुठे पळून चाललंय? सासूबाईंनी पुन्हा एकदोनदा आठवण केली, ह्यांनी पुन्हा "बघतो" केलं. मग त्यांनी सांगणं सोडलं. जेवायला बसल्या की कवळी काढून वाटीत ठेवायच्या आणि मी त्यांचं जेवण कुस्करून द्यायचे. हे समोरच बसलेले असायचे.

एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. "हृदय थकलं होतं," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी विचारलं, "खाणं कमी झालं होतं, त्यामुळे का?" डॉक्टर म्हणाले, "अहो, वय झालं होतं." पण ह्यांच्या डोक्यात ते शिरलं नाही. खाटेजवळच्या वाटीत कवळी होती आणि हे तिच्याकडेच बघत होते.

भेटायला माणसं आली, घर भरलं. ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, भावाशेजारी बसून होती. ह्यांची साठी उलटली तरी वन्सं त्यांना छोट्याच म्हणतात. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "छोट्या, आता आईला काही त्रास नाही बघ. तिकडे तिला सगळे दात परत आले असतील. चावून चावून खात असेल."

हे म्हणाले, "ताई, तिकडे काही नाहीये."

"असं बोलू नये रे."

"आई कुठेही नाही. असती तर मी जाऊन माफी मागितली असती."

भरल्या घरात बोलले. वन्संचा हात पाठीवरून खाली आला. थोड्या वेळाने त्या उठल्या, चपला घातल्या आणि कुणाला न सांगता गेल्या. मी इतकी चिडले की विचारू नका. म्हटलं, "काय बिघडलं असतं हो म्हणायला? तुमच्या जिभेला हाड नाही ते नाही, पण डोकंही नाही?" हे म्हणाले, "खोटं कसं बोलू? तो ऐकतोय." तो म्हणजे देव.

त्यानंतर वन्सं आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मी फोन करायचे, दोन शब्द बोलून ठेवायच्या. ह्यांना माहेरचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं, बायकांनाच माहेर असतं असं थोडंच आहे. पण स्वतःहून फोन करायचं धाडस ह्यांना होईना. कामाच्या टेबलावर सासूबाईंची कवळी असायची. कधी हातात घ्यायचे, कानस उचलायचे, परत ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "घासून टाका ना एकदाची, मनाला बरं वाटेल." तर म्हणाले, "कुठे घासू? कुठे टोचत होतं ते तिलाच ठाऊक. तोंडाशिवाय कवळी बसत नसते."

घोरणं बंद झालं होतं. सकाळी खिडकीपाशी उभे राहायचे, पण पूर्वी चेहरा जो मोकळा असायचा तो आता मास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखा. मला कीव यायची आणि रागही यायचा. एक दिवस म्हटलं, "इतका त्रास होतो तर सोडा तरी त्या देवाला, नाहीतर धरा त्याचा स्वर्ग."

"दोन्ही जमत नाही, हीच तर पंचाईत आहे," हे म्हणाले. "देव नसता तर विसरून गेलो असतो. आणि स्वर्ग असता तर तिथे आईचे पाय धरले असते. आता देव आहे, त्याने सगळं बघितलंय, आणि आई नाही. मी कुणाकडे जाऊ?"

मी चहा टाकला.

असं वर्ष गेलं. परवा वन्संना फोन केला तर त्यांचं बोलणं बोबडं येत होतं, अर्धे शब्द कळेनात. मी विचारलं, "दात काढून ठेवलेत का हो?"

"टोचतात गं," त्या म्हणाल्या. "झाले काही महिने. जाऊ दे, चाललंय."

मी मागच्या खोलीत जाऊन ह्यांना सांगितलं. हे कुणाचा तरी जबडा ओतत होते. ओलं प्लास्टर तसंच टाकून उठले, पेन्सिल आणि कानस खिशात घातली आणि निघाले. आयुष्यात कुठल्याही गोष्टीसाठी हा माणूस असा उठलेला मी पाहिला नव्हता. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. मी मागून धावले.

वन्संनी दार उघडलं आणि तोंडावर हात धरला. हे म्हणाले, "ताई, तोंड दाखव." नमस्कार नाही, चमत्कार नाही. वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "दाखवा, नाहीतर दारातच उघडायला लावतील."

स्वयंपाकघरात खिडकीजवळ स्टूल ओढून त्यांना बसवलं. ठिपका दिला, कवळी बसवली, काढली, घासली, पुन्हा बसवली. वन्संनी जबडा इकडेतिकडे फिरवून पाहिला. मग फळीवरचं सफरचंद घेऊन सरळ दातांनीच तोडलं आणि चावत राहिल्या. चावता चावता त्यांचे डोळे भरले.

"आईचंही एवढंच होतं का रे?"

"हो," हे म्हणाले. "एवढंच."

वन्संनी सफरचंद खाली ठेवलं. मग वन्सं म्हणाल्या, "तिकडे दात आले असतील, असं मी तुझ्यासाठी म्हटलं होतं, छोट्या. तुझा चेहरा बघवत नव्हता. तिकडे काय आहे ते मला कुठे ठाऊक आहे? आणि तू चारचौघांत मलाच खोटं पाडलंस."

हे खाली बघत राहिले. कानस हातातच होती. म्हणाले, "ताई, चुकलो. तुझ्यापाशी चुकलो, तेवढं तरी माफ कर."

"माझं केलं," वन्सं म्हणाल्या. "आईचं मी कसं करू?"

"नाही करता येत," हे म्हणाले. "ते राहणारच."

वन्सं उठल्या. उरलेलं सफरचंद कापून त्यांनी आम्हा दोघांना फोडी दिल्या. ह्यांनी हातातच धरून ठेवली. मी खाल्ली. आणि एकदम हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले.

"तू उजवीकडेच का चावतेस?"

माझी खालची अर्धी कवळी आहे, तीही ह्यांचीच. मी म्हटलं, "सवय झालीय."

"डावीकडे टोचतंय?"

"जरासं."

"कधीपासून?"

खरं म्हणजे जाऊ दे म्हणणार होते. त्या दिवसापुरतं त्यांना पुष्कळ झालं होतं. पण वर्षभर शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाने आज पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, याचा मला राग आला.

"आई गेल्या त्याच्याही आधीपासून," मी म्हटलं. "एकदा सांगितलं होतं. तुम्ही बघतो म्हणालात. मग आई गेल्या. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगायचं?"

वन्संनी "अगं" म्हणून माझा हात धरला. ह्यांचा चेहरा सासूबाईंच्या खाटेपाशी झाला होता तसाच झाला. आता हा माणूस रडतो की काय, असं मला वाटलं. रडले नाहीत. फोड खाली ठेवली, पेन्सिल पाण्यात बुडवली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू आहेस अजून," हे म्हणाले. "तोंड उघड."

मी उघडलं. बोलायचं पुष्कळ होतं, वर्षभराचं साठलेलं. पण त्यांचं बोट माझ्या हिरडीवर ठिपक्याची जागा शोधत होतं आणि ती काही सापडेना, तेव्हा मीच त्यांचं मनगट धरून ते जागेवर नेलं.