उलट्या छत्रीचे सर

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. मी बासष्ट वर्षांचा होतो, आमचा जिल्हा अजून परभणीच होता, आणि माझ्या बांधावरच्या बिब्ब्याखाली एक शिकलेला माणूस श्रावणातल्या पावसात छत्री उलटी धरून उभा होता. मूठ वर, कापड खाली. स्वतः चिंब. दुसऱ्या हातातल्या काठीनं फांदी झोडपायची आणि छत्रीत काय पडलं ते वाकून बघायचं. पडणार काय? पाणी आणि पाला. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही माझ्यासारखंच ओरडला असता.

"ओ साहेब, ती सुलटी धरत असतेत!"

"माहीत आहे," ते म्हणाले.

माहीत असून उलटी धरणारा माणूस प्राध्यापकच असणार, हे मी तिथंच ओळखलं. हिंगोलीच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. वाघ-सिंहाचं नव्हे, किड्यांचं.

बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, तोंड सुजतं. आमच्याकडं हे रांगत्या लेकरालाही कळतं. म्हणून मी सांगितलं, "सर, बाजूला व्हा. उतान."

"नक्की सांगता येत नाही, आबा. सगळ्यांनाच उततो असं नसतं."

तिसऱ्या दिवशी सर पुन्हा आले ते डोळ्यांच्या फटीतून बघत. तोंड भोपळ्याएवढं. माझ्या बायकोनं, गयाबाईनं, खोबरं आणि तीळ वाटून त्यांच्या तोंडाला लेप दिला. मी ओट्यावर बसून मजा बघत होतो.

"आता तरी नक्की का, सर?"

"आता पुरावा आहे," ते सुजल्या ओठांतून म्हणाले. हसले असावेत. त्या तोंडावर कळायला मार्ग नव्हता.

"नक्की सांगता येत नाही" हे त्यांचं पालुपद. पाऊस येईल का, एस.टी. आली का, चहात साखर बराबर हाय का, सगळ्याला हेच उत्तर. इतकं शिकून माणसाला काहीच नक्की सांगता येत नसेल, तर मी दुसरीतून शाळा सोडली त्यात माझं काय बुडालं? तशी ती मी सोडली नाही म्हणा. मास्तर मला वर्गाबाहेर बसवायचे, म्हणून मी शाळाच बाहेर ठेवली. तेव्हापासून मला सगळं नक्की माहीत असतं.

तर छत्रीतून सरांना काय मिळालं? सोंड्या. तिळापेक्षा थोडा मोठा, काळपट, पुढं बाकदार सोंड. त्यांनी मला भिंगातून दाखवला, जसं काही कोहिनूर दाखवून राहिले.

"हा व्हय? ह्याच्यासारखे ज्वारीत पायलीनं असतेत."

"ज्वारीतला वेगळा, आबा. हा फक्त बिब्ब्यात राहतो. हा अजून कुणी पाहिलेला नसावा."

"मी पाह्यलाय की. गयाबाई तर रोज बघती."

"तसं नाही. कुणी लिहून ठेवलेला नाही."

लिहिलेलं नाही ते नाहीच, हा कायदा मला ठाऊक होता. आमच्या बापजाद्यांनाही तोच लागू होता. त्यामुळं तेवढी एक गोष्ट मी मान्य केली.

आता हा सोंड्या आमचा कोण, तर दुश्मन. गयाबाई जन्मभर बिब्बे फोडून आतला गर, म्हणजे गोडंबी, काढत आली. राखेत हात घोळायचे, दगडावर बिब्बा धरायचा, वरून दुसरा दगड. तेल उडतं, बोटं काळी पडतात. आणि एवढं करून आत बघावं तर गोडंबीच्या जागी अळी, खाऊन-पिऊन लठ्ठ. हीच अळी पुढं सोंड्या होते. म्हणून मी चावडीवर जाहीर केलं होतं, की औंदा बिब्बे उतरले की झाड तोडणार. मी बोललो म्हणजे बोललो. सगळा गाव साक्षीला.

सरांना हे कळलं आणि सुजेतून नुकतं बाहेर आलेलं तोंड पुन्हा पडलं.

"आबा, मला नर पाहिजे. मिळाल्या त्या सगळ्या माद्या निघाल्या. नर तपासल्याशिवाय नवी जात आहे हे ठरत नाही. हा सोंड्या असलेलं झाड मला दुसरीकडं कुठं सापडलेलं नाही."

"नरात काय बघायचं असतं?"

सर जरा लाजले. मग त्यांनी सांगितलं. त्या एवढ्याशा जिवाचं पोट उकलून त्याची नेमकी ती जागा भिंगाखाली बघायची, त्यावरून त्याची जात कळते. मी खूप वेळ हसलो. आमच्याकडं जात काढायला आडनाव विचारतात. हे लोक त्याच्याही पलीकडं गेलेले.

"अन् नर सापडल का?"

"नक्की सांगता येत नाही."

दुसरा कुणी असता तर शपथेवर 'सापडणारच' म्हणाला असता. ह्या माणसाला गरज असतानाही खोटं बोलता येत नव्हतं. तीन-चार वर्षांनी नोकरी संपणार, साऱ्या नोकरीत एकही नवी जात ह्यांच्या हातून लिहिली गेली नाही, कॉलेजातले बाकीचे ह्यांना 'सोंडेसर' म्हणतात, हे त्यांनी मला त्याच ओट्यावर सांगितलं. दया यावी म्हणून नाही. मी विचारलं म्हणून.

मी काही विरघळलो नाही. म्हटलं, "बिब्बे उतरंपर्यंत झाड तुमचं. नंतर कुऱ्हाडीचं."

माघात सर आले, डागी बिब्बे निवडले, म्हणजे ज्यात अळी असण्याचा संशय ते. एका डेऱ्यात थोडी माती घालून त्यात ठेवले, वर फडकं बांधलं आणि डेरा माझ्या घरात कोपऱ्यात ठेवला. पावसाळ्यात त्यातून सोंडे निघतील, त्यात एखादा नर असेल. झाड गेलं तरी चालेल, असा हिशेब. गयाबाई तेव्हा लेकीकडं सेनगावला गेलेली. "जपा हं, आबा," असं सर निघताना म्हणाले. जपायचं म्हणजे हात लावायचा नाही. ते मला उत्तम जमतं.

गयाबाई आली. तिनं कोपऱ्यात डेरा बघितला, फडकं सोडलं आणि आत बिब्बे बघून माझ्यासारख्या आळशी नवऱ्याला साजेसं काय बोलायचं ते बोलली. मी शेतात होतो. तिनं दुपारभर बसून एकेक बिब्बा फोडला. अळ्या कोंबड्यांना घातल्या. डागी म्हणून ठेवलेल्या कित्येकांत अळी नव्हतीच, त्यातली गोडंबी काढली आणि गूळ घालून लाडू केले. आणि उन्हाळ्यात, झाडाला अजून कुऱ्हाड लागायची होती तेव्हा, सर डेरा बघायला आले, तेव्हा ते लाडू त्यांच्याच पुढं ठेवले.

सरांनी दोन खाल्ले. "फार छान आहेत, मावशी. गोडंबी कुठली?"

"त्या कोपऱ्यातल्या डेऱ्यातली की! सगळे किडके भरून ठेवले व्हते ह्यांनी. समदं निवडून साफ केलं बघा."

सरांचा घास तोंडातच थांबला. मी खाली बघितलं. कोंबड्या अंगणात मोठ्या समाधानानं फिरून राहिल्या होत्या.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. त्यांनी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, "मावशी, अळ्या होत्या का बऱ्याच?"

"लई!"

"चला. म्हणजे झाडावर अजून आहेत."

आता मी अडकलो. माझ्या घरात ठेवलेली पाहुण्याची वस्तू माझ्या घरात नासली. गावापुढं दिलेला शब्द एकीकडं, घरची अब्रू दुसरीकडं. गावातले विचारायचे, "काय आबा, झाड उभंच?" मी सांगायचो, कुऱ्हाडीचा दांडा मोडलाय. वर्षभर तो दांडा मोडलेलाच होता.

पुढच्या श्रावणात आम्ही दोघं बिब्ब्याखाली. त्यांच्या हातात उलटी छत्री, माझ्या हातात काठी, दोघांच्या तोंडाला गयाबाईनं चोपडलेलं खोबरेल.

"आबा, हळू मारा."

"हळू मारायचं व्हतं तर मला काहून बोलावलं?"

बरेच सोंडे पडले. सर बाटल्या भरून घेऊन गेले. आठवड्यानं फाट्यावरून चालत आले, चप्पल चिखलानं भरलेली. मी लांबूनच ओरडलो, "नर?"

"नक्की, आबा."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डोळ्यांत पाणी होतं म्हणाल तर पाऊसही होता.

मग बारशाचा विषय निघाला. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो म्हणे. सर म्हणाले, "आबा, तुमचं नाव देऊ का?"

मी म्हणालो, "नको, नको. चोराला माझं नाव काहून?"

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला कळलंच. पहिल्यांदा चहा विचारला तरी आम्ही नको म्हणतो. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्या वेळी नाइलाजानं कप उचलायचा. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलो. पण ज्या माणसाला पुराव्याशिवाय काही कळत नाही, त्याला माझं नको हे नकोच वाटलं.

"मग मावशींचं देतो," ते म्हणाले.

"अगं बया!" गयाबाई आतून म्हणाली. "किड्याला माझं नाव?"

"मावशी, बिब्बा फोडूनही न उतणारे ह्या रानात दोघंच. तुम्ही आणि हा."

"उतते की, सर. उतून उतून आता कळत न्हाई एवढंच." तिनं आपली काळी बोटं पदरात घेतली.

पुढं ते छापून आलं. सगळं इंग्रजी, मधी सोंड्याचं चित्र, नावाच्या शेपटाला काहीतरी 'ई' लावलेली. सरांनी बोट ठेवून दाखवलं ते गयाबाईचं नाव. मी म्हटलं, बरं झालं, माझं कशाला उगीच. तोवर जिल्हाही हिंगोली झाला होता. सरांची नोकरी संपली, तरी ते दर श्रावणात छत्री घेऊन यायचे. आता काय बघता, असं विचारलं की म्हणायचे, "आहेत का, ते."

दोन हजार सहाच्या श्रावणात ते आले नाहीत. माघात मी वारंगा फाट्यावर चहा पीत होतो, तिथं त्यांच्या कॉलेजचा शिपाई भेटला. म्हणाला, "आबा, सर गेले. दिवाळीच्या आधीच."

मी विचारलं, "नक्की?"

"असं काय इचारता? खांदा देऊन आलोय मी."

चहा तसाच ठेवून मी निघालो. घरी आलो तर गयाबाई बिब्बे फोडत बसलेली. तिला सांगितलं. तिनं दगड खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. डागी बिब्ब्यांचं टोपलं दाराशी होतं. दर साली ते आम्ही शेताच्या टोकाला खड्ड्यात जाळतो. मी टोपलं उचललं, बिब्ब्याखाली नेलं, बुडाशी माती उकरून त्यात सगळे ओतले आणि वर पाला सारला.

गयाबाई मागून आली. "आवं, काय करून राहिले? औंदा पुन्यांदा समदी गोडंबी खातील की!"

"खाऊ दे," मी म्हणालो. "तुझ्याच नावाची हायेत."