मुलींचे गुण धरून

मुलींच्या शाळेत एकच कोर्ट होतं, तेही सिमेंटचं, आणि त्याच्या एका टोकाला मुख्याध्यापिकाबाई आपली गाडी लावायच्या. गाडीला चेंडू लागला की खिडकीतून आरडाओरडा व्हायचा. म्हणून तिथल्या मुली अर्ध्या कोर्टावर बास्केटबॉल खेळायला शिकल्या. त्यांना शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात सदैव शिट्टी असायची, स्टाफरूममध्ये चहा पितानासुद्धा. मुली त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "कारणाशिवाय वाजत नाही म्हणा म्हणजे झालं," एवढंच त्या म्हणायच्या.

मुली जीव तोडून खेळायच्या, पण खेळणार कुणाशी? वर्षभर घाम गाळायचा आणि शेवटी एक स्पर्धा. पहिल्याच सामन्यात हरलं की गाशा गुंडाळून घरी. बाईंना हे फार लागायचं. एका सुट्टीत त्यांनी स्कूटर काढली आणि आसपासच्या शाळांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. मुलांच्या शाळेतले खेळाचे सर म्हणाले, "लीग करू की बाई. पण मुलींचं कशाला मधे? बघायला कोण येणार?"

त्या प्रश्नावर बाईंनी जे उत्तर काढलं, त्यावर ती लीग उभी राहिली. मुलांच्या प्रत्येक संघाशी मुलींचा एक संघ जोडायचा. दोन्ही सामने एकाच दिवशी, एकाच कोर्टावर, आधी मुली आणि मग मुलं. निकाल मात्र एकच. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज करायची.

"म्हणजे माझी पोरं जिंकली आणि मुली वाईट हरल्या, तर?" सरांनी विचारलं.

"तर तुम्ही हरलात."

सरांनी नाक मुरडलं. पण खेळायला कुणी नाही हे रडगाणं त्यांचंही होतंच. ते कबूल झाले, आणि त्यांच्या मागोमाग आणखी काही शाळा.

पहिल्या वर्षी पोरांनी खूप कुरकुर केली. पण मुलींच्या चुकलेल्या बास्केटचा भुर्दंड आपल्याला पडतो हे कळल्यावर ती आधीपासून येऊन बसायला लागली, आणि घसा बसेपर्यंत ओरडायला लागली. एका सामन्यात एका मुलीच्या बुटाचा तळ सुटला. तिच्या जोडीच्या संघातल्या पोराने आपले बूट काढून दिले. तिने पुढे कागदाचे बोळे कोंबले आणि ती खेळली. तो पोरगा तेवढा वेळ अनवाणी उड्या मारत होता. असलं दृश्य बघायला लोक यायचे. भिंतीवर बसायचे, सायकलींवर उभे राहायचे.

त्या पोरांतच बारक्या होता. बाईंच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो खरोखरच बारका होता. मावशीने त्याला घरी आणलं, आणि तो ताडमाड झाला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंचं लग्न राहून गेलं होतं. घरात तो आणि त्या, आणि पलंगाखाली हवा गेलेले चेंडू. एका वर्षी अंतिम सामन्यात बारक्याचा संघ हरला, पण मुलींनी आधीच एवढी आघाडी घेतली होती की करंडक त्यांच्याच जोडीला मिळाला. घरी येताना तो स्कूटरच्या मागे बसून म्हणाला, "मावशी, पोरींनी अब्रू वाचवली गं."

लीगमधल्या शाळा वाढत गेल्या. बारक्या शिकायला बाहेर गेला, व्यवस्थापन की काय ते शिकून आला. आल्यावर म्हणाला, "मावशी, एवढा पसारा तू स्कूटरवरून किती दिवस सांभाळणार?" बाईंना तेच हवं होतं. त्याने कचेरी थाटली, बूट बनवणारी एक कंपनी गाठली, सामने लाकडी फरशीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये नेले. पोरगा खरंच राबला. बाई स्टाफरूममध्ये कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या, "आमच्या बारक्याने केलं."

मग टीव्हीवाले आले, आणि पहिल्यांदा घोडं अडलं ते बेरजेवर.

"बघणाऱ्याला कळत नाही, मावशी," बारक्या म्हणाला. "फळ्यावर एक आकडा आणि करंडक भलत्याकडेच. कंपनी म्हणते, मुलांचा तक्ता वेगळा ठेवा, मुलींचा वेगळा. या वर्षापुरतं."

"आणि मुली कुठे खेळणार?"

"तिथेच. लाकडावरच. शब्द देतो."

लाकडी फरशीला बाई भुलल्या. आपल्या मुलींना त्यांनीच समजावलं, वेगळा तक्ता म्हणजे तुमचा मानच आहे म्हणून.

त्या वर्षी मुलं आपल्या सामन्याच्या वेळेलाच आली. त्यांचं आता मुलींवाचून काही अडत नव्हतं. मुलं नाहीत म्हणून त्यांचे मित्र नाहीत, मित्र नाहीत म्हणून कुणीच नाही. मुली चकचकीत दिव्यांखाली रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळल्या. कुणीतरी त्या खुर्च्यांचे फोटो काढून ठेवले. पुढच्या वर्षी मुलींचे सामने शाळेच्या दिवशी सकाळी गेले. त्याच्या पुढच्या वर्षी स्टेडियमची सकाळही गेली, आणि मुली परत आपल्या सिमेंटवर आल्या.

शेवटची सभा कचेरीत झाली. कंपनीच्या माणसाने ते खुर्च्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले आणि फार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आमचा विरोध नाहीच. पण बघायलाच कुणी येत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"यायचे," बाई म्हणाल्या. "भिंतीवर जागा मिळायची नाही. तुम्ही बेरीज काढून घेतली आणि आता म्हणता कुणी येत नाही."

"मागचं उकरून काय उपयोग?"

मुलींची लीग थांबवायला कोण कोण तयार, हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे झाले. बारक्याचाही झाला. तो मावशीकडे बघतच होता. नजर चुकवली असती तर बाईंना एवढं लागलं नसतं.

जिन्यात त्याने त्यांना गाठलं. "मावशी, बंद नाही केलं. स्थगित केलंय."

"शब्द चांगला शोधलास."

"मी हात वर केला नसता तर मला काढलं असतं. आणि मुलींचं तरीही गेलंच असतं."

"मग निघायचं होतंस. घरी जायला मला सोबत झाली असती."

"तुझं सगळं घरच्यासारखं असतं. हे घर नाहीये, मावशी."

"होतं," बाई म्हणाल्या. "तू भाड्याने दिलंस."

त्या वर्षीच्या संघाची कप्तान फार उंच होती. मैत्रिणी तिला जिराफ म्हणायच्या. बातमी सांगितल्यावर बाकीच्या मुली रडल्या, चिडल्या, जिराफ फक्त म्हणाली, "बाई, माझं शेवटचं वर्ष होतं." तेवढ्यावर बाईंनी पुन्हा स्कूटर काढली. मुलींची वेगळी लीग, आपल्या आपल्या कोर्टांवर, पहिल्यासारखी. तेच उंबरठे, तेच जिने. पण शाळांना आता बारक्याच्या लीगकडून गणवेश मिळत होते, बूट मिळत होते, सरांचा प्रशिक्षक म्हणून टीव्हीवर चेहरा दिसत होता. ते मुलांच्या शाळेतले सर पिकल्या केसांनिशी दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मला यात ओढू नका." बाकीच्यांनी आदर वगैरे न सांगताच काखा वर केल्या.

गावाबाहेरच्या एका शाळेने तेवढा संघ पाठवला. बघायला शाळेचा पहारेकरी होता आणि मुख्याध्यापिकाबाईंची गाडी होती. आपल्या मुली जिंकल्या. हातपाय धुऊन जिराफ विचारायला आली, "बाई, आता पुढची मॅच कुणाशी?"

बाई जाळीच्या पिशवीत चेंडू भरत राहिल्या.

मुलांच्या अंतिम सामन्याच्या आधी बारक्या घरी आला. मावशी दारातूनच बोळवण करत होती, पण तो म्हणाला, "कंपनीचा माणूस मुलींबद्दल काहीतरी जाहीर करणार आहे. तू असायला हवंस." बाईंच्या मनात आशा होती म्हणण्यापेक्षा, आपण गेलो नाही म्हणून राहिलं असं व्हायला नको, एवढंच होतं. त्या गेल्या.

पहिल्या विश्रांतीत एकसारखे टीशर्ट घातलेल्या मुली पळत कोर्टावर आल्या आणि लांब दांड्याच्या फडक्यांनी फरशीवर सांडलेला मुलांचा घाम पुसायला लागल्या. त्यात एक मुलगी सगळ्यांच्या वर दिसत होती. फडकं पुसता पुसता जिराफ रिंगखाली एकदा थांबली, वर बघितलं, आणि शिट्टी वाजल्यावर बाहेर पळाली.

सामना संपल्यावर कंपनीचा माणूस ध्वनिक्षेपकापाशी आला. "मुलींसाठी आमची दारं कायम उघडी आहेत," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून प्रत्येक शाळेच्या मुलींना आम्ही स्वयंसेवक म्हणून संधी देणार आहोत!" टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतच, ज्यांनी हे रोप लावलं त्या बाईंच्या हस्ते करंडक, असंही तो म्हणाला.

बाईंना वाटलं, करंडक खाली ठेवून निघून जावं. पण समोर जिंकलेली पोरं धापा टाकत, दात काढत उभी होती. त्यांचा काय दोष? त्यांनी करंडक दिला. कप्तान म्हणाला, "थँक्यू, आजी." बाई कोण ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर पडताना जिराफ समोर आली. तिने फडकं पाठीमागे लपवलं.

"रागावलात का बाई?"

"नाही."

"मला एकदा त्या फरशीवर पाय ठेवायचा होता."

"कशी आहे?"

"मस्त आहे बाई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "घसरायला होत नाही."

शाळा संपल्यावर जिराफने चेंडूला हात लावला नाही. त्या कंपनीच्या बुटांच्या दुकानात तिला नोकरी लागली. वरच्या फळीवरचे खोके तिला स्टुलाशिवाय काढता येतात, म्हणून मालक खूश आहे म्हणे. बाई निवृत्त झाल्या. शाळेने कोर्टावर पट्टे आखून पूर्ण मैदानच गाड्यांना दिलं.

बारक्या दर रविवारी येतो. आणतो, उचलतो, दुरुस्त करतो. त्यात कसूर नाही. खेळाचं सोडून दोघं सगळं बोलतात. परवा त्याने आपल्या मुलीला आणलं. पोरगी बापावर गेलीय, हातपाय लांबलचक. भिंतीवरचा एक जुना फोटो बघून तिने विचारलं, "आजी, तुझी मुलींची टीम होती?"

"होती."

"मग कुणी बंद केली?"

बारक्याने चहाचा कप खाली ठेवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं या प्रश्नाच्या उत्तराला त्या धार लावत आल्या होत्या.

"पोरी मोठ्या झाल्या, बाळा," त्या म्हणाल्या. "गेल्या आपापल्या घरी."

बारक्याचा जीव भांड्यात पडलेला त्यांना दिसला. तो कप उचलून पुन्हा चहा प्यायला लागला, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच इतकी चीड आली की त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि त्याने हाक मारली तरी बाहेर आल्या नाहीत.