देव पाण्यात

खराडीच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथे पाण्याला हाकलून लावणारे लेप तयार होतात. काचेवर मारा, कापडावर मारा, थेंब टिकत नाही, घरंगळून जातो. मी ते लेप बनवत नाही, त्यांची स्तुती लिहितो. त्यामुळे त्यांच्यावर माझ्याइतका विश्वास दुसऱ्या कोणाचाच नाही.

यंदा शाडूचा गणपती आणायला गेलो तर आभाळ भरून आलेलं. भिजला तर नाकाडोळ्यांचा लगदा व्हायचा, म्हणून दुकानातच नमुन्याची अख्खी बाटली मूर्तीवर फवारली. वाटेत पावसाने झोडपलं. मी चिंब, बाप्पा कोरडे ठणठणीत! घरात कॉलर ताठ करून शिरलो.

दीड दिवसाने आरती झाली आणि बाप्पांना बाल्कनीतल्या बादलीत सोडलं. "पुढच्या वर्षी लवकर या" असं ज्यांना म्हणालो, ते या वर्षीच जाईनात. उलट लेपात बारीक हवा अडकून पाण्याखाली चांदीसारखे चमकू लागले.

"मूर्ती विरघळेपर्यंत मी जेवणार नाही," आई म्हणाली. हा तिचा दरवर्षीचा नेम. एरवी काही तासांत सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही आई नुसत्या चहावर, आणि बाप्पा जसेच्या तसे.

समोरच्या काकू डोकावल्या. "काय हो, लोक काही हवं असलं की देव पाण्यात ठेवतात. तुमचं काय मागणं आहे?"

"देवाने विरघळावं, एवढंच," बायको म्हणाली.

मी गुपचूप कंपनीतल्या केमिस्टला फोन लावला.

"साबणाचं पाणी वापरा, लेप हार मानेल. पण मारलाय कशावर?"

"घरातल्या एका मोठ्या व्यक्तीवर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"देवाला भांड्याचा साबण?" आई कडाडली. बऱ्याच वाटाघाटींनंतर रिठ्यावर तह झाला. देवाची चांदीची भांडी तिच्याकडे रिठ्यानेच घासतात. रिठ्याचं पाणी ओतलं. बुडबुडे सुटले, चकाकी गेली, हळूहळू सोंड मऊ पडली. दुपारी आईने वरणभात कालवला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

विसर्जनाचं पाणी आम्ही मोगऱ्याला घालतो. मी बादली उचलली.

"मोगऱ्याला नको," आई ताटावरूनच म्हणाली. "तुझ्या त्या निवडुंगाला घाल. त्याला पाणी नकोच असतं."